कॉम्प्युटरला वळण लावणारा माणूस

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हॉस्टेलला राहून इंजिनिअरिंग करणाऱ्यांना दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि रीडिंग रूममध्ये येणारा कॉम्प्युटर हा नेहमी दुसरीकडून निवृत्त होऊनच आलेला असतो. असाच एक म्हातारा डबा यंदा आमच्या वाट्याला आला. एक जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क, आणि सुरू होताना कण्हणारा पंखा. त्याच्यावर नवीन विंडोज चालणं शक्यच नव्हतं. म्हणून आम्ही चौघांनी त्यात हलकं लिनक्स टाकलं, त्यावर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप चढवला, आणि मग खरी भांडणं सुरू झाली.

पॅनेल वर ठेवायचं की खाली? आयकॉन केवढे? मेनूत पहिलं काय दिसावं? वॉलपेपरवर शिवनेरी की जीवधन? रात्री दोनपर्यंत वाद चालला. शेवटी जागा वाचावी म्हणून पॅनेल अगदी बारीक केलं, अक्षरं लहान केली, ओळी जवळ आणल्या. इंग्रजीत सगळं एकदम झकास दिसत होतं. आम्ही एकमेकांची पाठ थोपटून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी मेसचे मामा सूचना टाईप करायला बसले. त्यांनी मेनू मराठी करून घेतला होता. फाईलला त्यांनी नाव दिलं होतं, कूपन चुकवू नये. पॅनेलवर ते नाव दिसलं ते कपन चकव नये असं. खालचे सगळे उकार कापले गेले होते! मामांना वाटलं त्यांचंच टायपिंग चुकलं. त्यांनी ते तीन वेळा पुसून परत लिहिलं.

आम्ही हसलो. मग जरा लाजच वाटली. रात्रभर पॅनेल आणि आयकॉनवर भांडलो, पण पडद्यावर सगळ्यात जास्त जे दिसतं त्या अक्षराचा विचार चौघांपैकी एकानंही केला नव्हता. आमच्या एका सरांनी ते पाहिलं आणि विचारलं, की रघुनाथ कृष्ण जोशी हे नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलंय का? कुणीच ऐकलं नव्हतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

र. कृ. जोशी. अक्षरांच्या जगात त्यांना आर. के. म्हणायचे. जन्म १९३६ चा, मृत्यू २००८ चा. म्हणजे आपल्यातले बरेच जण पाळण्यात होते किंवा जन्मलेही नव्हते, तेव्हा हा माणूस गेला. पण वीसेक वर्षांपूर्वी कुठल्याही ऑफिसात, तहसील कचेरीत किंवा सायबर कॅफेत कुणी विंडोजवर युनिकोडमध्ये मराठी टाईप केलं असेल, तर बहुधा त्यांच्याच हातचं अक्षर उमटलं. त्या अक्षराचं नाव मंगल.

आता मजा बघा. हे काम करणारा माणूस इंजिनिअर नव्हता. मुंबईच्या जे. जे. मध्ये तो उपयोजित कला शिकला. १९५६ साली डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत आर्टिस्ट म्हणून लागला. पुढे १९६१ मध्ये बाळ मुंडकूर यांनी उल्का ही जाहिरात संस्था सुरू केली, तिथे जोशी गेले आणि १९८३ पर्यंत राहिले. टायपोग्राफी हा त्यांचा प्रांत. जाहिरातीच्या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. बघणारा माणूस तुमच्यासाठी थांबलेला नसतो. तो चालत्या बसमधून, पेपर उलटता उलटता बघतो. तेवढ्यात अक्षर कळलं तर कळलं, नाहीतर पैसे पाण्यात. पुढे कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी अक्षर करताना हेच बावीस वर्षांचं शिक्षण उपयोगी पडलं असणार.

त्याच काळात ते कविताही करत होते. साठच्या दशकात मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ जोरात होती. त्या वातावरणात जोशींनी अशा कविता केल्या, की ज्यात शब्दाचा अर्थ जितका महत्त्वाचा तितकाच कागदावर तो कसा मांडलाय हेही महत्त्वाचं. अक्षर लहान-मोठं होतं, घसरतं, एकमेकांवर चढतं, आणि त्यातूनच कविता घडते. नुसती वाचून दाखवली तर ती अर्धीच राहते. मांडणी हाच मजकूर, हे त्यांना कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

सुलेखन तर त्यांचा श्वासच होता. त्यातून एक साधी पण मोठी गोष्ट हाती लागते: अक्षराचा आकार हत्यार ठरवतं. हे पटवून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. आपल्याच तालुक्यातला नाणेघाट बघा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेला. भारतातले अगदी जुने अंकही त्यात कोरलेले सापडतात. ट्रेकला गेल्यावर आपण तिथे फोटो काढतो आणि पुढे जातो. एकदा नीट थांबून बघा. तिथल्या अक्षरांना डोक्यावर सलग रेघ नाही. सरळ रेघा, साधी वळणं. काळ्या बसाल्टवर छिन्नीनं काढायला सोपं तेच टिकलं. पुढे बोरू आला. तिरक्या कापलेल्या टोकामुळे एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक अशी रेघ आली, आणि आजची देवनागरी त्यातून घडली. मग छापखाना आला. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या खिळ्यांचं वळण पुढे कितीतरी पिढ्यांना छापील देवनागरीचं नेहमीचं वळण वाटत राहिलं. दगड, बोरू, शिसं. चौथं हत्यार आलं ते पडद्यावरचा चौकोनी ठिपका, म्हणजे पिक्सेल. या चौथ्या हत्यारापाशी जोशी उभे राहिले.

१९८३ मध्ये जाहिरातीचं क्षेत्र सोडून ते पवईच्या आयआयटीत, इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमध्ये प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस. त्या वयात माणसं सहसा स्थिरावतात. यांनी नवीन धडा गिरवायला घेतला. १९९६ पर्यंत ते तिथे शिकवत होते. त्यानंतर जुहूच्या एनसीएसटीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, त्यांनी काम केलं. ही संस्था २००३ मध्ये सीडॅकमध्ये विलीन झाली. तिथल्या संगणकशास्त्रज्ञांबरोबर भारतीय लिप्यांचे टाईप तयार करण्यासाठी विन्यास नावाची प्रणाली घडवण्यात त्यांचा हात होता. एका बाजूला बोरू धरणारा माणूस, दुसऱ्या बाजूला समीकरणं मांडणारे. कला आणि गणित एका टेबलावर बसवणं बोलायला सोपं आहे. आपल्याकडे मेकॅनिकलवाले आणि कॉम्प्युटरवाले एका प्रोजेक्टला बसले तर काय होतं, ते आपण बघतोच!

आता त्यांच्यापुढची अडचण काय होती ते नीट समजून घेऊ, कारण खरा जीव तिथे आहे.

युनिकोड रुळण्याआधी मराठीत टाईप करता यायचं, नाही असं नाही. मंचर, नारायणगावच्या डीटीपीवाल्यांकडे लग्नपत्रिका मराठीतच छापल्या जायच्या. पण एका कंपनीच्या फॉन्टमध्ये ज्या क्रमांकावर क, त्याच क्रमांकावर दुसरीच्या फॉन्टमध्ये भलतंच काहीतरी. फाईल दुसऱ्या मशीनवर नेली की मजकुराच्या जागी चिन्हांचा कचरा. म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ते मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांना घातलेला तो मराठी मुखवटा होता. शोधता येत नव्हतं, अकारविल्हे लावता येत नव्हतं. सरकारनं इस्की हे प्रमाण ठरवलं, त्याच्या आधारावर १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. क् अधिक ष मिळून क्ष दिसायला हवा, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येऊनही आधी दिसायला हवी. हे सगळे नियम फॉन्टच्या आत भरावे लागतात. त्यासाठी ओपनटाईप हे तंत्र आलं.

२००० साली विंडोज २००० बाजारात आलं. त्यात देवनागरी प्रथमच मुळापासून होती, आणि त्या देवनागरीचं रूप होतं जोशींचा मंगल. इतर भारतीय लिप्यांच्या विंडोज फॉन्टसाठीही त्यांनी मार्गदर्शन केलं.

आता पिक्सेलचं गणित करू. त्या काळच्या पडद्यावर इंचाला ९६ ठिपके धरले, तर ९ पॉइंटचं अक्षर म्हणजे फक्त १२ ठिपके उंची. इंग्रजीला त्यात आरामात बसता येतं. देवनागरीचं काय? मध्ये अक्षराचं अंग. त्यावर शिरोरेषा, तिला एक ठिपका गेला. तिच्याही वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. विद्यार्थी या शब्दातला शेवटचा थी बघा, वेलांटी आणि रफार एकाच डोक्यावर. खाली उकार, ऋकार. जोडाक्षर उभं रचलं तर आणखी खाली. म्हणजे बारा ठिपक्यांत तीन मजली घर बांधायचं, आणि प्रत्येक मजल्यावर माणूस ताठ उभा राहिला पाहिजे. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर घ चा ध होतो, भ चा म होतो.

यावर त्यांनी काय केलं, ते जुन्या मशीनवरचा मंगल मोठा करून बघितला तर कळतं. बोरूचा जाड-बारीक खेळ बराच कमी केला. तो या आकारात दिसणारच नव्हता, उलट घाण दिसला असता. अक्षरांची पोटं मोकळी ठेवली, म्हणजे लहान आकारातही ती बुजत नाहीत. वर-खाली भरपूर जागा सोडली, म्हणून मंगलमध्ये ओळी लांब लांब दिसतात. खूप लोकांनी या मोकळ्या ओळींना नावं ठेवली, कागद जास्त लागतो म्हणून तक्रार केली. पण त्या जागेमुळेच उकार कापले जात नव्हते. आमच्या मेसच्या मामांच्या बाबतीत आम्ही जी जागा वाचवली होती, नेमकी तीच.

विचार करा, जो माणूस हातानं अक्षर काढताना रेघेला नाचवायचा, ज्यानं अक्षरांच्या कविता केल्या, त्यानं इथे सगळं कौतुक बाजूला ठेवलं. मंगल सुंदर आहे असं सहसा कुणी म्हणत नाही. तो दिसतो आणि वाचता येतो. सही करायचा मोह टाळून केलेलं काम आहे ते.

पण खोटं कशाला लिहू, या कामाला दुसरी बाजूही आहे. मंगल एकट्या मराठीसाठी नव्हता. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत, सगळ्यांना मिळून एकच. त्यात ल आणि श हिंदी वळणाचे होते. आपण शाळेत पाटीवर जो ल गिरवला तो पडद्यावर नव्हता. विंडोजनं मंगल आधीपासून बसवून दिला होता, आणि आधीपासून बसवलेलं बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत. त्यामुळे ऑफिसची पत्रं, निकाल, बातम्या, सगळीकडे तोच ल दिसू लागला. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढून मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले, पण तोवर डोळ्यांना दुसऱ्याची सवय झालेली होती. वाऱ्यावर, तऱ्हा यांतला अर्धा र सुद्धा मराठीचा खास. तो मिळवायला टाईप करणाऱ्याला किती कसरत करावी लागायची ते जुन्या लोकांना विचारा. यात चूक कुणा एकाची नाही. एका साच्यात चार भाषा बसवल्या की कुणाचा तरी कोपरा घासला जातोच. मला यातून एवढंच दिसतं, की डीफॉल्ट ठरवणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते. कायदा करून, निर्णय काढून जे बदलायला वर्षं जातात, ते त्यानं एका फाईलमध्ये ठरवून टाकलेलं असतं.

जोशींचं दुसरं अक्षर म्हणजे रघु, आणि आमच्या रीडिंग रूममधल्या डब्याशी खरं नातं याचंच. मंगल विंडोजबरोबर यायचा, म्हणजे विंडोज घेतलं तर मंगल. लिनक्सवाल्यांनी काय करायचं? एनसीएसटीत तेव्हा इंडिक्स नावाचा प्रकल्प चालू होता. लिनक्सच्या खिडक्या, मेनू, बटणं जिथून पडद्यावर काढली जातात त्या एक्स विंडो प्रणालीलाच भारतीय लिप्या शिकवायच्या, असा तो प्रयत्न होता. या कामाला मोकळा फॉन्ट हवा होता. रघु हा फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुला झाला. कुणीही घ्या, वापरा, उघडून बघा, सुधारा, पुढे द्या.

याचं मोल त्या काळात फार होतं. नव्या मशीनला पैसे नसलेली शाळा जुन्या मशीनवर हलकं लिनक्स टाकू शकत होती, पण त्यावर मराठी अक्षरच नसेल तर ते हलकेपण काय कामाचं? डेस्कटॉप कितीही चपळ असला, मेनूत फाईलच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर पोरगं काय शिकणार? पुढे लोहितसारखे मोकळे फॉन्ट आले, पॅन्गो आणि हार्फबझ या प्रणालींनी जोडाक्षरांचं काम चोख केलं, आणि आज लिनक्सवर मराठी सहज दिसतं. रघुचं नाव आता फारसं कुणी घेत नाही. पण पाण्याची टाकी येण्याआधी गावाला ज्या विहिरीनं पाणी पाजलं, तिला विसरू नये.

शेवटच्या वर्षांतही ते थांबले नव्हते. वेदांच्या संस्कृतात उच्चाराच्या चढ-उतारासाठी जी खुणांची चिन्हं असतात, ती कॉम्प्युटरवर कशी आणायची यावर त्यांचं काम चालू होतं. अशा वैदिक चिन्हांचा स्वतंत्र संच युनिकोडमध्ये २००९ साली आला. तो बघायला ते राहिले नाहीत. ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचं निधन झालं. वय एकाहत्तर-बाहत्तरच्या घरात.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि भारतीय भाषांसाठी निर्मला हा नवा फॉन्ट पुढे आला. विंडोज १० पासून तर मंगल मागून घ्यावा लागतो, आपोआप येत नाही. जो आधीपासून बसवलेला होता तो आता पर्याय झाला. तरीही उत्तर भारतात सरकारी टायपिंग परीक्षेच्या जाहिरातीत मंगल फॉन्ट असं लिहिलेलं असतं, जणू युनिकोडचंच ते दुसरं नाव. एका माणसाच्या कामाचं नाव त्या कामाच्या प्रकारालाच चिकटावं, आणि माणूस मात्र कुणाला माहीत नसावा! मला आधी याचं वाईट वाटलं. आता तेवढं वाटत नाही. दाराची कडी नीट लागली तर सुताराचं नाव कोण विचारतं? कडी लागली नाही तरच सुताराची आठवण निघते.

तर आमच्या डब्याचं काय झालं, ते सांगून थांबतो. आम्ही परत बसलो. या वेळी वॉलपेपरवर कुणी भांडलं नाही. आधी एका फाईलला विद्यार्थी, दुसरीला कूपन, तिसरीला तऱ्हा अशी नावं दिली, आणि ती तिन्ही पूर्ण दिसेपर्यंत पॅनेलची उंची वाढवत गेलो. मराठी वळणाचा ल आणि श असलेला मोकळा फॉन्ट शोधून तो आधीपासूनच बसवून ठेवला. मेनूतल्या ओळींत अंतर सोडलं. पॅनेल थोडं जाड दिसतं आता, इंग्रजीत बघितलं तर जरा बेढबच. रॅम एका मेगाबाईटनंही जास्त लागली असेल असं वाटत नाही.

मामांनी परवा नवीन सूचना टाईप केली. एकदाच लिहिली, पुसली नाही. काही बदललंय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. आम्ही चौघं मागे उभे राहून बघत होतो, आणि का कोण जाणे, पहिल्या दिवसापेक्षा जास्त आनंद झाला.

पुढे तुमच्यापैकी कुणी ॲप करेल, कुणी मशीनचं पॅनेल, कुणी एखाद्या कारखान्यातला स्क्रीन. तुम्ही जे आधीपासून बसवून द्याल तेच हजारो लोक निमूट वापरतील आणि काही चुकलं तर स्वतःलाच दोष देतील. तेव्हा शेवटचं बटण दाबण्याआधी एकदा उकार पूर्ण दिसतोय का, एवढं नक्की बघा.